मार्सेयच्या लग्नाची अर्धीच गोष्ट

मार्सेय हे बंदर मराठी माणसाला ठाऊक असतं ते बहुतेक 8 जुलै 1910 या तारखेमुळे. सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली ती तिथे. फ्रान्समध्ये मात्र या बंदराचा विषय निघाला की बोलणं वळतं ते त्याच्याही अडीच हजार वर्षं आधी आलेल्या बोटींकडे. स्थलांतराचा वाद पेटला की एक बाजू छाती काढून सांगते, ‘हे शहरच मुळी परदेशी खलाशी आणि इथली राजकन्या यांच्या लग्नातून जन्मलं, मग इथे परका कोण?’ दुसरी बाजू तितक्याच जोरात म्हणते, ‘ते ग्रीक होते, युरोपच्या संस्कृतीचे पूर्वज होते, अल्जीरियातून नाहीतर कोमोरोस बेटांवरून आलेल्यांशी त्यांची तुलनाच कशी करता?’ गंमत म्हणजे दोघेही एकाच कथेचा पहिला अर्धा भाग वाचून भांडतात. माझ्या मते ही कथा पूर्ण वाचली तर ती दोघांचीही साक्षीदार म्हणून टिकत नाही. आणि समजा टिकली, तरी आज कोणी कुठे राहावं हे तिच्यावरून ठरवता येत नाही, कारण दंतकथेला सातबाऱ्याचा दर्जा नसतो.

आधी तो लाडका अर्धा भाग. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, जिथे आता फोचा नावाचं गाव आहे, तिथे फोकाइया हे ग्रीक शहर होतं. इ. स. पू. 600 च्या आसपास तिथले काही खलाशी सिमोस आणि प्रोतिस यांच्या पुढारीपणाखाली ऱ्होन नदीच्या मुखाजवळ येऊन पोचले. तिथल्या सेगोब्रिगी टोळीचा राजा नान्नुस त्या दिवशी मुलीच्या, म्हणजे गिप्तिसच्या, लग्नाच्या तयारीत होता. रीत अशी की मेजवानीला जमलेल्यांपैकी ज्याच्या हाती ती पाणी देईल तो तिचा नवरा. पाहुणे म्हणून ग्रीकांनाही आमंत्रण मिळालं. मुलीने बाकी सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि पाणी प्रोतिसला दिलं. पाहुण्याचा जावई झाला आणि सासऱ्याने शहर वसवायला जमीन दिली. ही आवृत्ती युस्तिनुस या लॅटिन लेखकाची. त्याने पोम्पेयुस त्रोगुसच्या मोठ्या इतिहासाचा संक्षेप केला, त्यात ती आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर मोडणारी आवृत्ती तिच्याहून जुनी, आणि तिच्यात नवऱ्याचं नाव युक्सेनोस, मुलीचं नाव पेत्ता, तर प्रोतिस हा त्या दोघांचा मुलगा! बाप-लेकांची अशी अदलाबदल ज्या कथेत होते, तिला जन्मदाखला म्हणून किती ताणायचं?

बरं, प्राचीनांचं तरी एकमत होतं का? इसोक्रातेस आणि पुढे पाउसानियास हे ग्रीक लेखक वेगळंच सांगतात. पर्शियन सेनापती हार्पागोसने इ. स. पू. 546 च्या सुमारास फोकाइयाला वेढा घातला, तेव्हा पळून आलेल्यांनी हे शहर वसवलं, असं त्यांचं म्हणणं. हेरोडोटसने त्या पलायनाचं वर्णन केलंय. लोकांनी बायकामुलं आणि मंदिरातल्या मूर्ती बोटींत चढवल्या, लोखंडाचा गोळा समुद्रात टाकला आणि तो तरंगत वर येईपर्यंत परतणार नाही अशी शपथ घेतली. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचं मन गावाच्या आठवणीने हललं, शपथ मोडून ते परत गेले. (शपथ मोडणाऱ्यांबद्दल मला अधिक आपुलकी वाटते, पण ते असो.) मार्सेयमधली सर्वांत जुनी भांडी इ. स. पू. 600 च्या आसपासची, त्यामुळे पळून आलेल्यांनी शहर वसवलं नाही, फार तर पुढे त्यात भर घातली असेल. मुद्दा असा की ‘आले ते वसाहत करायला की आसरा मागायला’ हा आजच्या वादातला कळीचा प्रश्न ग्रीक लेखकांतच दोन तोंडांनी बोलतो.

आता दुसरा अर्धा भाग, जो कोणी भाषणात सांगत नाही. नान्नुस वारला आणि त्याचा मुलगा कोमानुस गादीवर आला. त्याच किनाऱ्यावरच्या लिगुरियन जमातीतल्या एका माणसाने त्याला बजावलं की हे शहर एक दिवस शेजाऱ्यांच्या मुळावर येईल, लहान आहे तोवरच ठेचा. वर एक दृष्टान्तही दिला. गाभण कुत्रीने धनगराकडे पिल्लं घालण्यापुरती जागा मागितली. जागा मिळाल्यावर पिल्लं वाढवण्यापुरती मुदत मागितली. पिल्लं मोठी झाली, आणि त्यांच्या जोरावर तिने जागेवर मालकी सांगितली. आज भाडेकरू दिसणारे उद्या मालक होतील, असा त्याचा मथितार्थ. आजच्या टीव्हीवरच्या चर्चेतलं वाक्य वाटावं, पण हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिन मजकुरात आहे, आणि ते स्थानिक माणसाच्या तोंडी आहे.

कोमानुसने सणाचा दिवस निवडला. फुलांच्या उत्सवाला धट्टेकट्टे लोक उघडपणे पाहुणे म्हणून शहरात गेले. आणखी काहींना टोपल्यांत आणि पानाफांद्यांखाली लपवून गाड्यांमधून आत नेलं. स्वतः राजा फौजेसह जवळच्या डोंगरांत दबा धरून बसला. रात्री आतून दरवाजे उघडायचे आणि झोपेत, नशेत असलेल्या शहरावर तुटून पडायचं, असा बेत. तो फोडला राजाच्याच नात्यातल्या एका स्त्रीने. तिचं एका ग्रीक तरुणावर प्रेम होतं आणि त्याचा जीव वाचावा म्हणून तिने सगळं सांगितलं. शहरात शिरलेले पकडले गेले, गाड्यांतले बाहेर ओढले गेले, आणि राजासह सात हजार माणसं मारली गेली असं युस्तिनुस लिहितो. आकडा फुगवलेला असणार. प्राचीन लेखकांचा हात अशा वेळी सैल सुटतो. त्यानंतर मार्सेयकरांनी नियमच केला: सणाच्या दिवशी दरवाजे बंद, तटावर पहारा, येणाऱ्या परक्यांची तपासणी, आणि शांततेच्या काळातही युद्धात असल्यासारखी खबरदारी. म्हणजे लग्नातून जन्मलेलं शहर दुसऱ्याच पिढीत दरवाजावर परक्यांची झडती घेऊ लागलं, आणि झडती घेणारे स्वतः एका पिढीपूर्वी परके होते.

आता या संपूर्ण कथेवर कोण हक्क सांगणार? ‘आम्ही सर्वांचे’ म्हणणाऱ्यांना लग्न हवंय, पण दरवाजा नको. ‘आमच्यावर आक्रमण होतंय’ म्हणणाऱ्यांना कुत्रीचा दृष्टान्त सोयीचा वाटेल, पण त्यात कुत्री म्हणजे ग्रीक, ज्यांना ते आपले पूर्वज म्हणवतात! आणि दृष्टान्तातलं भाकीत खरंही ठरलं, फक्त सांगणाऱ्याला दिसलं तसं नाही. इ. स. पू. 125 च्या सुमारास मार्सेयने शेजारच्या साल्युव्ही टोळीविरुद्ध रोमला मदतीला बोलावलं. रोमन आले, त्यांनी जवळच्या एक्स शहराची पायाभरणी केली, किनाऱ्याची पट्टी टोळ्यांकडून काढून घेऊन मार्सेयकरांना दिली, आणि परत गेले नाहीत. पुढे इ. स. पू. 49 मध्ये मार्सेयने सीझरविरुद्ध रोमन सेनापती पोम्पेची बाजू घेतली तेव्हा त्याच रोमने वेढा घालून शहर नमवलं आणि त्याचा बहुतेक मुलूख काढून घेतला. शेजाऱ्याला दाबायला मागवलेला मित्र घराचाच मालक झाला. हा धडा स्थलांतराचा नाहीच, तो परराष्ट्रधोरणाचा आहे. पण भाषणांत त्याला जागा मिळत नाही.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आधी मान्य करू. ते म्हणतात, प्राचीन वसाहतकार आणि आजचा कामगार यांची तुलना चुकीची आहे. खरंच चुकीची आहे. फोकाइयाचे लोक शस्त्रं, बोटी, देवता, कायदे आणि व्यापाराचं जाळं घेऊन आले, पाठीशी मातृनगरी होती, आणि त्यांनी स्वतःचं राज्य उभं केलं. बांधकामावर रोजंदारी करायला कागदपत्रांविना आलेल्या माणसाची आणि त्यांची गत एक कशी? पण हा मुद्दा मांडणाऱ्याने त्याची पुढची पायरीही चढली पाहिजे. जुन्या बंदराच्या धक्क्यावर जमिनीत एक धातूचा फलक बसवलेला आहे. इ. स. पू. 600 च्या सुमारास फोकाइयाहून ग्रीक खलाशी इथे उतरले, त्यांनी मार्सेय वसवलं आणि इथून पश्चिमेत संस्कृती पसरली, असं तो सांगतो. पर्यटक त्यावर उभे राहून फोटो काढतात. ग्रीक आले ते वसाहतकार म्हणून आले हे एकदा मान्य केलं, की हा फलक म्हणजे वसाहतकाराने स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र ठरतो. मग नान्नुसच्या लोकांकडे संस्कृती नव्हती का? ग्रीक यायच्या आधीपासून इटलीतले एत्रुस्कन व्यापारी या किनाऱ्यावर दारूचे रांजण आणि काळ्या झिलईचे पेले विकत होते. ‘असंस्कृत’ किनाऱ्यावर पेल्यांना गिऱ्हाईक मिळत नाही.

आणि ‘ग्रीकांनी गॉलना, म्हणजे इथल्या प्राचीन टोळ्यांना, माणसाळवलं’ हे वाक्य मुळात लिहिलं कोणी? त्याच त्रोगुसने. गॉल लोक ग्रीकांकडून शेती, तटबंदी, द्राक्षाच्या वेलीची छाटणी आणि ऑलिव्हची लागवड शिकले, इतके की ग्रीस गॉलमध्ये आला नसून गॉलच ग्रीसमध्ये गेल्यासारखा वाटे, असं तो म्हणतो. हा त्रोगुस स्वतः गॉलच्या व्होकोन्ती जमातीतला. आजोबांना पोम्पेकडून रोमन नागरिकत्व मिळालेलं. तिसऱ्या पिढीत रोमन झालेला गॉल लॅटिनमध्ये ग्रीकांची थोरवी गातोय. कुत्रीचा दृष्टान्तही त्यानेच जपून ठेवला. शुद्ध वारशाच्या शोधात निघालेल्याला इथे नेमकी कोणाची शुद्धता सापडणार?

पहिल्या बाजूचा बळकट मुद्दा वेगळ्या जातीचा आहे, आणि मला तो जास्त आवडतो. ते म्हणतात, शहराला काहीतरी गोष्ट लागतेच. तटबंदीच्या गोष्टीपेक्षा लग्नाची गोष्ट बरी. शाळेतल्या मुलांना पाणी देणारी गिप्तिस सांगितली तर बिघडलं काय? बिघडत काहीच नाही, गोष्ट म्हणून सांगितली तर. पण समुद्रावरून आलेल्यांच्या अशा गोड गोष्टी जगभर आहेत, आणि त्या बहुधा टिकून राहिलेल्यांनी सांगितलेल्या असतात. याच युस्तिनुसकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसवणाऱ्या राणी डिडोची कथा आहे: बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागून, कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून कार्थेजची टेकडी घेरणारी. आपल्याकडे पारशांची दुधात साखर सर्वांना पाठ असते. पण पारशांच्या आगमनाची 1599 च्या सुमाराची पद्यकथा ‘किस्सा-ए-संजान’ उघडली तर तिथे साखर नाही, राजाच्या अटी आहेत: आमची भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. अटींचा करार मागे पडला आणि साखर उरली. अशा कथेवर हक्काची इमारत बांधली की पहिल्या वादळात ती कोसळते, कारण समोरचा माणूस कथेचं पुढचं पान उघडून दाखवू शकतो. आज ‘हे शहर परक्यांनी वसवलं म्हणून परक्यांचा हक्क’ म्हणणाऱ्याला उद्या ‘मग त्या परक्यांनी मूळच्यांचं काय केलं तेही सांगा’ असं विचारलं तर उत्तर काय?

शिवाय एकत्र राहण्याचा भरवशाचा पुरावा असताना लग्नाच्या कथेवर एवढा भार कशाला टाकायचा? नार्बनजवळच्या पेश माओ या जुन्या वस्तीत शिशाचा एक छोटा पत्रा सापडला आहे. तो इ. स. पू. पाचव्या शतकातला. एका बाजूला एत्रुस्कन मजकूर, त्यात मार्सेयचं नाव. दुसऱ्या बाजूला ग्रीक. त्यात एका बोटीचा व्यवहार आहे: कोणी कोणाकडून घेतली, निम्मा वाटा कोणाला दिला, रोख किती, इसार किती, पैसे नदीवर दिले आणि इसार बोटी नांगरतात तिथे दिला. मग साक्षीदार: बासिगेरोस, ब्लेरुआस, सेदेगोन अशी नावं. ही ग्रीक नावं नाहीत, तिथल्या माणसांची आहेत. ग्रीक माणसाने ग्रीकमध्ये लिहिलेल्या सौद्याला स्थानिकांची साक्ष लागते, म्हणजे उद्या तंटा झाला तर त्यांच्या शब्दाला वजन असणार हे गृहीत आहे. शंभर मेजवान्यांपेक्षा हा इसार मला जास्त पटतो. इथे कोणी कोणावर प्रेम करत नाही, फक्त फसवणूक होऊ नये याची काळजी घेतात.

मार्सेयच्या पोटातही असंच निघतं. सर्वांत खालच्या थरांत ग्रीक भांड्यांसोबत चाकाविना हाताने घडवलेली स्थानिक धाटणीची मडकी आहेत. वरच्या थरांत ती कमी होत जातात. ती कोणाच्या चुलीवर होती, बायकोच्या, मोलकरणीच्या की गुलामाच्या, हे मडकं सांगत नाही, आणि सांगितल्याचा आव आपणही आणू नये. 1993 मध्ये प्लास ज्युल-व्हर्न इथल्या खोदकामात इ. स. पू. सहाव्या शतकातल्या दोन ग्रीक नौका मिळाल्या. त्यातल्या लहान नौकेच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, दोऱ्याने शिवलेल्या आहेत, आणि आत लाल पोवळ्याचे बारीक तुकडे चिकटलेले. राजपुत्राची नौका नाही ही, कोळ्याची. तिची प्रतिकृती 2013 मध्ये पाण्यात उतरली तेव्हा नाव ठेवलं ‘गिप्तिस’. कथेचा मोह शास्त्रज्ञांनाही आवरत नाही. (शिवलेल्या फळ्यांची नौका आपल्या किनाऱ्याला नवी नाही; गोव्यात 2025 साली उतरवलेली ‘कौंडिण्य’ त्याच जातीची.)

आता उलट बाजू. हेच मिसळणारं बंदर सत्तेच्या बाबतीत भलतंच चिकट होतं. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की शहराचा कारभार सहाशे जणांच्या सभेकडे, त्यातल्या पंधरा जणांकडे, आणि त्यातल्याही तिघांकडे होता. या सभेत बसायचं तर स्वतःला मुलं हवीत आणि तीन पिढ्यांचं नागरिकत्व हवं. ज्या शहराच्या पहिल्याच जोडप्यात बायको स्थानिक, त्या शहराने हा नियम केला! बाजारात सगळे चालतात, सभेत नाही, ही रीत काही आजची नाही. म्हणून ‘मार्सेय कायमच खुलं होतं’ हे खोटं, आणि ‘मार्सेय कायमच ग्रीक होतं’ हेही खोटं.

‘ग्रीक आपल्यासारखे होते म्हणून मिसळले, हे नवे मिसळणार नाहीत’ या युक्तिवादाला तर फार मागे जायची गरजच नाही. जून 1881 मध्ये मार्सेयच्या रस्त्यांवर जमावाने इटालियन कामगारांना शोधून शोधून मारलं. निमित्त झालं ट्युनिसहून परतलेल्या सैन्याच्या मिरवणुकीत एका इटालियन क्लबातून शिट्ट्या वाजल्याचं. दंगल काही दिवस चालली, तीन माणसं मेली. इटालियन कॅथलिक, शेजारी, भूमध्य समुद्राचे, रोमन वारशाचे. ‘आपल्यासारखं’ असायला आणखी काय हवं होतं? तरी ते तेव्हा न मिसळणारे, मजुरी पाडणारे, चाकू बाळगणारे ठरले. आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांची आडनावं शहराच्या मतदार यादीत ठासून भरली आहेत. टस्कनीत इव्हो लिव्ही म्हणून जन्मलेला पोरगा मार्सेयच्या गरीब वस्तीत वाढून गायक-नट इव्ह मोंताँ झाला आणि फ्रान्सने त्याला डोक्यावर घेतलं. मिसळणं हे येणाऱ्याच्या रक्तात असतं म्हणणाऱ्याने 1881 चं स्पष्टीकरण द्यावं.

प्राचीनतेवर प्रेम आणि जिवंत माणसांबद्दल बेपर्वाई एकत्र नांदू शकतात, याचा दाखलाही याच शहराने दिला आहे. 1943 च्या जानेवारी-फेब्रुवारीत जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने जुन्या बंदराची वस्ती रिकामी केली. वीस हजारांवर माणसं हाकलली गेली, शेकडो ज्यूंना पकडून मृत्युछावणीकडे धाडलं, आणि मग सुमारे दीड हजार घरं सुरुंगाने उडवली. त्या ढिगाऱ्याखाली युद्धानंतर पुरातत्त्वज्ञ फेर्नां बन्वा यांना ग्रीक नाट्यगृहाचे अवशेष आणि रोमन गोदाम सापडलं, दारूच्या अजस्र रांजणांसकट. त्या गोदामाचं आज संग्रहालय आहे. वर राहणारे खलाशी, गोदी कामगार, कोर्सिकन आणि इटालियन कुटुंबं यांचं तिथे काही नाही, कारण त्यांचं वय दोन हजार वर्षं नव्हतं.

1967 मध्ये शेअरबाजाराच्या इमारतीमागे व्यापारी संकुलासाठी खोदताना ग्रीक तट आणि प्राचीन गोदीची कड उघडी पडली. लोक आणि अभ्यासक भांडले, आणि तो भाग वाचला. तिथे आज बाग आहे. हे भांडण योग्यच होतं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडावं. पण त्या बागेपासून चालत काही मिनिटांवर ओबान्य रस्ता आहे. 5 नोव्हेंबर 2018 ला तिथली जुनी घरं कोसळून आठ माणसं मेली. मेलेल्यांची मुळं वेगवेगळ्या देशांतली होती, घर एकच होतं. त्याआधीच्याच महिन्यात तज्ज्ञाने इमारतीची पाहणी करून बहुतेक रहिवाशांना परत आत राहायला जाऊ दिलं होतं. दुर्घटनेनंतर शहरातल्या धोकादायक इमारतींमधून हजारो लोकांना बाहेर काढावं लागलं, म्हणजे धोका आधीही होता, फक्त मोजला जात नव्हता. परक्यांना सामावून घेतो की नाही याचा हिशेब मार्सेयला करायचा असेल तर तो या घरांत होतो: दुरुस्ती कोणाच्या माथी, भाडं कोण ठरवतं, पाहणीचा अहवाल वाचून सही कोण करतं. हे प्रश्न रटाळ आहेत, त्यांवर टाळ्या पडत नाहीत, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंना गिप्तिसच्या हातातलं पाणी इतकं सोयीचं वाटतं.